ऐंशी हजारांचं शाईपेन घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजारामपुरीत राहणारे, नुकतेच निवृत्त झालेले एक प्राध्यापक शाळेपासून शाईपेनानं लिहितात. रोज मराठीत तीन-चार पानं होतात. आता ऐंशी हजारांपर्यंतचं सोन्याच्या निबचं पेन घ्यायचं मनात आहे. एवढ्या पैशात नेमकं काय मिळतं, कटकटी काय आहेत आणि कोल्हापुरात राहून ते सांभाळता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, पेन जरूर घ्या. पण ऐंशी हजार एकदम घालू नका. लिहिण्यात जाणवणारा फरक साधारण पंचवीस-तीस हजारांच्या पेनापर्यंत संपतो. त्यापुढे फरक पडतो तो वस्तूत: घडणावळ, पॉलिश, नाव, हातात घेतल्यावरचा भारदस्तपणा. त्याचीही हौस असेल तर त्यात काही गैर नाही, फक्त आपण कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं.

पैसे सोन्याचे जातात हा पहिला गैरसमज. निबवर १४ कॅरेटला ५८५ आणि १८ कॅरेटला ७५० असा ठसा असतो, म्हणजे हजार भागांत तेवढे भाग सोनं. पण अख्ख्या निबचं वजन साधारण अर्धा ते एक ग्रॅम. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, नेऊन तोलली तर पेनाच्या किमतीचा लहानसा हिस्सा भरेल. सोनं वापरायला सुरुवात झाली ती जुन्या शाया आम्लधर्मी होत्या आणि पोलाद गंजायचं म्हणून. आजचं स्टेनलेस पोलाद त्या शायांनाही बऱ्यापैकी पुरून उरतं. निब मऊ लागते की ताठ, हे धातूपेक्षा तिची जाडी, लांबी आणि खांद्यांचा आकार ठरवतो. खिळ्यासारख्या ताठ १८ कॅरेटच्या निबा बाजारात भरपूर आहेत. आणि कागदाला जे टोक लागतं ते सोन्याचं नसतंच. तिथं एक कठीण धातूचा बारीक मणी जोडलेला असतो. पूर्वी त्यात इरिडियम असायचं, आता ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन असल्या धातूंचं मिश्रण असतं. त्यामुळे 'सहा महिन्यांत निब हाताला बसते' यात फारसं तथ्य नाही. त्या मण्याला झिजायला वर्षानुवर्षं लागतात. सहा महिन्यांत बदलतो तो आपला हात.

हात बदलतो, हेच या पेनाचं खरं सुख. बॉलपेनला दाबावं लागतं, तेव्हा कुठे गोळी फिरते. नीट जुळवलेल्या शाईपेनाला स्वतःच्या वजनापलीकडे जवळजवळ काही लागत नाही. शाई चिरेतून केशाकर्षणानं कागदावर येते, बोटं फक्त दिशा देतात. दोन तास लिहूनही अंगठ्याच्या बुडाशी कळ येत नाही. त्यासाठी पेनाचा तोल जमायला हवा. मोठी पेनं तीस ग्रॅमच्या आसपास असतात, पण वजन कुठे आहे ते जास्त महत्त्वाचं. पेलिकन एम ८०० मध्ये शाई ओढायच्या दट्ट्याची यंत्रणा पितळी असल्यानं वजन मागे पडतं. काहींना ते आवडतं, बारीक अक्षर काढणाऱ्यांना बहुधा नाही. टोपण मागे खोचून लिहायची सवय असेल तर दुकानातही तसंच खोचून बघा.

आता देवनागरीकडे येऊ, कारण पेनांची परीक्षणं जवळजवळ सगळी रोमन लिपीत लिहिणाऱ्यांची असतात आणि आपली गरज वेगळी आहे. आपल्याकडे मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं असतात. आठ मिलिमीटरच्या ओळीत 'राष्ट्रकूट' लिहायचं तर जाड निबनं ष्ट्रचा गोळा होतो. जपानी 'फाइन' सुमारे ०.४ मिलिमीटरची रेघ काढते, युरोपीय 'मीडियम' त्याच्या दुपटीच्या जवळ जाते. साधारणपणे जपानी निब युरोपीय निबपेक्षा एक माप बारीक असते, हे लक्षात ठेवून माप सांगा. युरोपीय पेन घेणार असाल तर एक्स्ट्रा फाइन किंवा फाइन, जपानी घेणार असाल तर फाइन किंवा फाइन-मीडियम.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. आपण शब्द लिहितो आणि मग डोक्यावरून रेघ ओढतो. जिथं ती अक्षराच्या दांडीला छेदते तिथं शाई दुसऱ्यांदा पडते. सढळ निब आणि पातळ कागद असेल तर पान उलटल्यावर मागे ठिपक्यांची रांग दिसते. अनेकजण याचा दोष शाईला देतात. खरं म्हणजे निब एक माप बारीक घेतली की बरंचसं भागतं.

स्टब निबचं आकर्षण अनेकांना असतं. ती टोकाला सरळ कापलेली असते, म्हणून उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येते. मराठीत याचा परिणाम असा होतो की शिरोरेषा केसासारखी आणि काने जाडजूड. आपल्या बोरूचा काप तिरपा असायचा. ते वळण स्टबमधून मिळवायचं तर कागद किंवा मनगट फिरवावं लागतं. याच्या उलट टोक 'आर्किटेक्ट' नावाच्या पद्धतीनं घासलेली निब असते. तिच्यात आडवी रेघ जाड आणि उभी बारीक येते, शिरोरेषा ठसठशीत दिसते. रोजच्या लिखाणाला मात्र साधी गोल निबच बरी.

दुकानात दौतीत बुडवून लिहायला देतात. बुडवलेली निब कधीही सढळच लिहिते, तेव्हा त्यावरून शाईच्या प्रवाहाचा अंदाज बांधू नका. फक्त खरखर आणि रेघेची जाडी बघा. वही आपली न्या. दहा वेळा 'ळ' लिहा, कारण त्यात निब जवळजवळ सगळ्या दिशांनी फिरते. मग सोनार आणि घड्याळजी वापरतात तसलं दहापट भिंग लावून टोक बघा. चिरेच्या दोन बाजूंची दोन्ही पाती एका पातळीत हवीत, मणी दोन्ही बाजूंना सारखा वाटलेला हवा, चीर भोकापासून टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी आणि निब खालच्या काळ्या जिभेच्या (शाई निबपर्यंत आणणाऱ्या भागाच्या) बरोब्बर मधोमध बसलेली हवी. रेघ उजवीकडून डावीकडे नेताना खरखरत असेल तर उजवं पातं खाली उतरलेलं असतं. डावीकडून उजवीकडे नेताना खरखरत असेल तर डावं. खाली आलेलं पातं अंगठ्याच्या नखानं दोन-तीन सेकंद हलकेच वर उचलायचं, पुन्हा भिंगातून बघायचं, गरज वाटली तर पुन्हा. एका दमात सरळ करायला गेलात तर ते वरच राहील.

महागड्या पेनांत एक वेगळाच दोष निघतो, आणि तो जास्त पॉलिश केल्यामुळे येतो. चिरेच्या आतल्या कडा इतक्या गोल होतात की शाई कागदाला टेकतच नाही. परिणाम असा की निब लोण्यासारखी चालते पण शब्दाची पहिली रेघ उमटत नाही, आणि गुळगुळीत कागदावर जास्तच. बारा हजार ग्रिटच्या मायक्रो-मेशवर (अतिबारीक पॉलिश कागदावर) अगदी हलक्या हातानं पाच-सहा वेळा आठचा आकडा गिरवला की ते सुटतं. पण निबला हात लावला की हमी सहसा संपते. पेन नवं असेल तर आधी दुकानदाराला परत द्या.

शाई भरायच्या पद्धतींवर फार वाद घालतात, त्याची गरज नाही. कन्व्हर्टरमध्ये (पेनात बसवायच्या, काढता येणाऱ्या शाईच्या नळीत) अर्धा ते एक मिलिलिटर शाई मावते, दट्ट्याच्या पेनात दीडच्या आसपास. कन्व्हर्टर धुवायला सोपा आणि बिघडला तर काहीशे रुपयांत नवा येतो. दट्ट्यात शाई जास्त, पण बिघडला तर अख्खं पेन पाठवावं लागतं. पायलट कस्टम ८२३ घेतलंत तर एवढं ध्यानात ठेवा: त्याच्या शाईच्या टाकीच्या पुढच्या टोकाशी, निबच्या मागे झडप आहे आणि ती मागच्या घुंडीनं उघडते-मिटते. ती मिटलेली असताना जिभेतली शाई संपेपर्यंतच पेन लिहितं आणि एक-दोन पानांनंतर थांबतं. सलग लिहायचं असेल तेव्हा मागची घुंडी दोन-तीन मिलिमीटर सैल करायची. हे माहीत नसल्यानं चांगली पेनं 'खराब' म्हणून परत जातात.

ती झडप प्रवासात कामाला येते. पेन शाई ओकतं ते आतली हवा फुगल्यामुळे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. रत्नागिरीहून आंबा घाट चढून आलात की बाहेरचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो आणि पेनातली हवा तेवढीच पसरते. दीड मिलिलिटरचं पेन अर्धं रिकामं असेल तर जेमतेम एक थेंब बाहेर ढकलला जातो, तो जिभेच्या खाचा सामावून घेतात. पण तीन मिलिलिटरच्या ड्रॉपरनं भरायच्या पेनात दोन मिलिलिटर हवा असेल तर दोन-तीन थेंब येतात आणि खिसा गेला. उजळाईवाडीहून विमानात बसलात तर केबिनमधला दाब आणखी उतरतो, हवा सुमारे पाव पट फुगते. उपाय साधा आहे: पेन पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामं करा, आणि निब वर ठेवा. निब वर असेल तर शाईऐवजी हवा बाहेर जाते. ड्रॉपरच्या पेनाला हाताची ऊबही पुरते, म्हणून त्यात निम्म्याच्या खाली शाई जाऊ देऊ नये.

पेनावर पैसे घालण्याआधी कागद बदला, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. नेहमीच्या वहीचा (चौरस मीटरला) साठ ग्रॅमच्या आतला, सैल खळीचा कागद लाखाच्या पेनालाही पाच रुपयांचं करून टाकतो. ग्रॅमवर मात्र भुलू नका. ५२ ग्रॅमचा तोमोए रिव्हर हा जपानी कागद शाई पसरू देत नाही आणि ८० ग्रॅमचा झेरॉक्सचा कागद कधीकधी देतो, फरक खळीचा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात कागद हवेतलं पाणी पितो आणि मे महिन्यात स्वच्छ उमटणारी तीच शाई कडांना दाढी फुटल्यासारखी पसरते. चांगल्या वह्या झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. चिकण कागदावर सढळ निबची शाई वाळायला वीस-तीस सेकंद लागतात, म्हणून टीपकागद जवळ असू द्या.

शाईच्या बाबतीत उलटं आहे, इथं महागाचा आग्रह नको. साधी रॉयल ब्लू, मग ती आपल्या कॅम्लिनची असो की पेलिकनची ४००१, धुऊन निघते आणि पेनाला निर्धोक. चित्रकलेची लाखमिश्रित काळी शाई कधीही घालू नका, ती जिभेत वाळली की पेन संपलं. चमकीची शाई महागड्या पेनात नकोच. रंगद्रव्याच्या काळ्या शाईनं रोज लिहीत असाल तर चालेल, पण पेन आठवडाभर पडून राहणार असेल तर आधी धुवा. लोहयुक्त निळी-काळी शाई टिकाऊ असते. दस्तावर, चेकवर सही करायची तर तीच वापरा, कारण रॉयल ब्लू पाण्यानं पुसते. लोहयुक्त शाई भरलेलं पेन महिन्यातून एकदा तरी धुवावं. पारदर्शक किंवा फिक्या पट्ट्यांच्या पेनात गडद जांभळी, लाल शाई घातली तर डाग कायमचा राहण्याची तयारी ठेवा. दोन शाया एकत्र करू नका, साका तयार होतो. पावसाळ्यात दौत उघडली आणि वर साय किंवा कुबट वास आला तर ती बुरशी. दौत फेकून द्या, गाळून वापरू नका. पेनातली उरलेली शाई पुन्हा दौतीत ओतायची सवय बुरशीला आमंत्रण देते.

धुणं सोपं आहे पण घाईचं नाही. साधं पाणी घ्या, गरम नको: एबोनाइट (पेनाचं कडक रबर) गरम पाण्यानं हिरवट-तपकिरी पडतं. आठ-दहा वेळा पाणी ओढून सोडा, निवळ येईपर्यंत. उपनगरांत बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचे दोन हात बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याचे द्या, नाहीतर क्षार जिभेत बसतात. मग निब खाली करून टिश्यूच्या बोळ्यावर रात्रभर उभं ठेवा. जुनी वाळलेली शाई निघत नसेल तर एक भाग घरगुती अमोनिया, दहा भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, तोही थोडाच वेळ, आणि नंतर भरपूर पाणी. सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर यांपासून लांब राहा. अल्कोहोलनं रेझिन आणि ॲक्रिलिकला तडे जातात. दट्टा जड चालू लागला तर शुद्ध सिलिकॉन ग्रीस टाचणीच्या डोक्याएवढं. खोबरेल, मशीनचं तेल, व्हॅसलीन यांपैकी काही नको, त्यानं सील खराब होतं. पेलिकनची निब जिभेसकट फिरवून निघते, म्हणून हे घरी जमतं. मॉन्टब्लांकचा दट्टा उघडायला खास पाना लागतो, तो नसेल तर हात लावू नका.

उन्हाळ्याचा त्रास पावसाळ्यापेक्षा कमी पण चिवट. एप्रिल-मेमध्ये दोन आठवडे पडून राहिलेल्या पेनातलं पाणी उडतं, शाई दाट होते, पहिल्या दोन ओळी काळ्या आणि मग बंद. इथं टोपण महत्त्वाचं. प्लॅटिनम ३७७६ सेंच्युरी (३७७६ म्हणजे फुजी पर्वताची मीटरमधली उंची) याच्या टोपणात आतलं झाकण स्प्रिंगनं दाबून बसतं आणि शाई महिनोन्‌महिने ओली राहते. १४ कॅरेटची निब, किंमत तुमच्या अंदाजपत्रकाच्या पाव हिश्शाच्या आसपास. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती हेच पेन, फाइन निबमध्ये. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र कुठलंच पेन ठेवू नये.

सर्वांत मोठा धोका शहाबादी फरशीचा आहे. क्लिप नसलेलं गोल पेन टेबलावरून घरंगळलं आणि निबवर पडलं की सोन्याची निब चोचीसारखी वळते. टोपणावर पडलं तर रेझिनच्या टोपणाला काठाशी केसाएवढा तडा जातो आणि मग पेन वाळू लागतं. वळलेली निब घेऊन गुजरीत जाऊ नका. तिथली कारागिरी मोठीच, पण ती दागिन्याची. निबला ज्योत लागली की तिचा ताव उतरतो, स्प्रिंगसारखा गुण जातो. पॉलिशच्या चाकावर मण्याचा आकार जातो. निबचा जाणकार किंवा कंपनीचं सेवा केंद्र, दोनच वाटा. त्यासाठी पेन मुंबईला किंवा परदेशी जातं, काही आठवडे तरी लागतात. पाठवताना शाई काढून, धुऊन, वाळवून, कुरिअरचा विमा उतरवून पाठवा. नवी निब घ्यायची वेळ आली तर पेनाच्या किमतीचा मोठा हिस्सा तिच्यातच जातो.

पेन उसनं न देण्याचं कारणही हेच. समोरचा माणूस वाईट नसतो, त्याचा हात बॉलपेनचा असतो. बँकेत कार्बन लावलेली स्लिप भरायची तर खिशात दहा रुपयांचं बॉलपेन असावं, आपल्यासाठी आणि मागणाऱ्यासाठीही.

चांदीचं काम असलेलं पेन घ्यायचं मनात आलं तर एक बारीक गोष्ट: एबोनाइट म्हणजे रबर आणि गंधक. एबोनाइटच्या पेनाशेजारी चांदीचं पेन एकाच पेटीत ठेवलं की चांदी काळी पडते. चांदीकामाच्या हुपरीतल्या कुणालाही गंधक आणि चांदीचं वैर समजावून सांगावं लागणार नाही. जपानी उरुशी लाखेच्या पेनांना आपला पावसाळा मानवतो, ती लाख दमट हवेतच पक्की होते. तिचा शत्रू ऊन, म्हणून काचेच्या कपाटात खिडकीसमोर मांडू नये.

एवढं वाचूनही मन मॉन्टब्लांक १४९ वर असेल, आणि अनेकांचं असतंच, तर ते आता लाखाच्या घरात आहे आणि त्याच्या नकला सर्वांत जास्त आहेत. १४९ हे दट्ट्याचं पेन आहे. मागून कन्व्हर्टर निघाला तर नक्कल, पुढे बोलायची गरज नाही. निबवर ४८१० (माँ ब्लाँ शिखराची जुन्या मोजणीतली उंची) आणि १८ कॅरेटचा ७५० ठसा हवा, क्लिपच्या कड्यावर क्रमांक हवा. 'इरिडियम पॉइंट जर्मनी' असं छापलेली निब दिसली तर दुकानातून बाहेर पडा. आणि एवढं महाग पेन पुढे विकता येईल या हिशेबानं घेऊ नका. पेटी उघडली की भाव उतरतो, नाव कोरून घेतलं तर आणखी उतरतो.

खरेदी मुंबई-पुण्याला जाऊन समक्षच करा. परदेशातून मागवलेल्या पेनावर सीमाशुल्क, कर आणि कुरिअरचा हाताळणी खर्च बसतो, शिवाय निब पटली नाही तर परत पाठवणं त्रासाचं. काही कंपन्या ठरावीक मुदतीत निबचं माप बदलून देतात. ती मुदत बिलावर लिहून घ्या. घरी आल्यावर शाई भरण्याआधी एकदा साध्या पाण्यानं धुवा, कारखान्यातलं तेल जिभेत राहिलेलं असतं. मग रॉयल ब्लू भरून मुदत संपायच्या आत रोजची तीन-चार पानं मराठीतच लिहा. पहिल्या रेघा चुकत असतील किंवा ष्ट्र भरून येत असेल, तर ते त्याच दिवसांत कळतं आणि निब बदलून मिळते.